हैतीयन स्थलांतर व ‘ब्रेथ, आइज, मेमरी’

‘ब्रेथ, आइज, मेमरी’ (१९९४, म. शी. ‘श्वास, नेत्र, स्मृती’) ही एद्वीज दाँतिका (ज. १९ जानेवारी १९६९) ह्या हैतीयन-अमेरिकन लेखिकेची पहिली इंग्रजी कादंबरी होय. न्यूयॉर्कला गेलेली आई, मागे राहून मावशीजवळ वाढलेली मुलगी आणि गाव न सोडणारी आजी ह्यांची कथा तीत आली आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हैतीतून फार मोठे स्थलांतर झाले. त्यामागील हुकूमशाही, दारिद्र्य आणि परराष्ट्रीय हस्तक्षेप ह्यांचा इतिहास राजकीय ग्रंथांतून व न्यायालयीन निकालांतून नमूद झाला आहे. तथापि त्या हिंसाचाराचे पडसाद घरांत, विशेषतः मायलेकींच्या नात्यात, कसे उमटले ह्याची नोंद प्रामुख्याने साहित्यानेच ठेवली. अशा नोंदींत ह्या कादंबरीचे स्थान महत्त्वाचे मानले जाते.

पार्श्वभूमी : हिस्पॅनिओला बेटाच्या पश्चिमेकडील सु. एक-तृतीयांश भाग हैतीने व्यापला आहे. १६९७ मध्ये हा भाग अधिकृतपणे फ्रान्सकडे आला व सँ-दोमँग ह्या नावाने ओळखला जाऊ लागला. आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांच्या श्रमांवर तेथे ऊस व कॉफी ह्यांचे मळे उभे राहिले आणि अठराव्या शतकाच्या अखेरीस ती जगातील अत्यंत संपन्न वसाहतींपैकी एक ठरली. १७९१ मध्ये गुलामांनी उठाव केला. तेरा वर्षांच्या युद्धानंतर झां-झाक देसालीन ह्याने १ जानेवारी १८०४ रोजी स्वातंत्र्य घोषित केले. गुलामांच्या यशस्वी उठावातून निर्माण झालेले हे जगातील पहिले स्वतंत्र राष्ट्र होय. १८२५ मध्ये फ्रान्सने ह्या स्वातंत्र्यास मान्यता दिली, ती १५ कोटी फ्रँकची नुकसानभरपाई मागूनच. ही रक्कम पुढे कमी करण्यात आली; परंतु तिच्यापायी काढलेल्या कर्जांची फेड विसाव्या शतकापर्यंत चालू राहिली.

१९१५ ते १९३४ ह्या काळात हैती अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या लष्करी ताब्यात होता. ह्याच सुमारास हजारो हैतीयन मजूर क्यूबा व डोमिनिकन प्रजासत्ताक येथील उसाच्या मळ्यांवर कामास जाऊ लागले. ऑक्टोबर १९३७ मध्ये डोमिनिकन हुकूमशहा राफाएल त्रूहीयो ह्याच्या आज्ञेवरून सरहद्दीलगतच्या हजारो हैतीयनांची कत्तल झाली. अशा रीतीने उसाचे शेत हे हैतीच्या सामूहिक स्मृतीत उपजीविकेचे, तसेच गुलामीचे आणि मृत्यूचेही स्थान बनले. प्रस्तुत कादंबरीतील मूळ दुर्घटना उसाच्या शेतात घडते, हे ह्या संदर्भात ध्यानात घेण्यासारखे आहे.

द्यूव्हाल्ये राजवट आणि स्त्रिया : हैतीतील स्त्रियांची पहिली महत्त्वाची संघटना १९३४ मध्ये स्थापन झाली. तिच्या प्रयत्नांना यश येऊन १९५० च्या संविधानाने स्त्रियांना मताधिकार दिला. राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत स्त्रियांनी पहिल्यांदा मतदान केले, ते १९५७ मध्ये. ह्याच निवडणुकीतून डॉक्टर फ्रांस्वा द्यूव्हाल्ये सत्तेवर आला. जानेवारी १९५८ मध्ये, म्हणजे अवघ्या काही महिन्यांतच, स्त्रीहक्कांच्या पुरस्कर्त्या व पत्रकार इव्होन हाकिम-रँपेल ह्यांना बुरखाधारी माणसांनी रात्री घरातून ओढून नेले. त्यांना मारहाण करून, त्यांच्यावर अत्याचार करून त्यांना रस्त्यावर टाकून देण्यात आले. प्रतिष्ठित स्त्रियांना तोवर मिळत असलेले संरक्षण संपले असल्याची ती सूचना होती.

द्यूव्हाल्येने लष्कराला शह देण्यासाठी निमलष्करी दल उभारले. लोक त्याला ‘तोंतों माकूत’ म्हणत. हैतीयन लोककथांत खोडकर मुलांना गोणीत घालून पळवून नेणारा एक बागुलबुवा आहे. त्याच्यावरून हे नाव पडले. ह्या दलातील माणसांना ठरलेला पगार क्वचितच मिळे. लुटीवर व खंडणीवर त्यांचा निर्वाह चाले आणि त्यांच्याविरुद्ध दाद मागण्याची सोय नव्हती. १९६४ मध्ये द्यूव्हाल्ये तहहयात अध्यक्ष झाला. १९७१ मध्ये त्याच्या मृत्यूनंतर त्याचा एकोणीस वर्षांचा मुलगा झां-क्लोद गादीवर आला व ७ फेब्रुवारी १९८६ रोजी फ्रान्सला पळून जाईपर्यंत सत्तेवर राहिला. ह्या एकोणतीस वर्षांत मारल्या गेलेल्या पुरुषांची नावे काही प्रमाणात तरी नोंदली गेली. स्त्रियांवरील अत्याचार मात्र बहुधा अबोलच राहिले. तत्कालीन कायद्यात बलात्काराची गणना नीतिमत्तेविरुद्धच्या गुन्ह्यांत होत असे. हानी होते ती अब्रूची, अशी त्यामागील धारणा होती.

स्थलांतराचे टप्पे : द्यूव्हाल्ये राजवटीच्या आरंभी राजकीय विरोधक, डॉक्टर, वकील व शिक्षक ह्यांनी देश सोडला. न्यूयॉर्क, माँट्रिऑल व नव्याने स्वतंत्र झालेले आफ्रिकी देश ही त्यांची आश्रयस्थाने होती. अमेरिकेच्या १९६५ च्या स्थलांतर कायद्यानंतर कनिष्ठ मध्यमवर्ग व कारागीर ह्यांचा ओघ सुरू झाला. ह्या टप्प्यात एक विशिष्ट कुटुंबरचना रूढ झाली. आई किंवा वडील, आणि पुढे दोघेही, परदेशी जात आणि मुले आजी, मावशी वा काका ह्यांच्याकडे राहत. कागदपत्रे मिळेपर्यंत कैक वर्षे लोटत. पैसे, पत्रे आणि आवाज मुद्रित केलेल्या कॅसेट ह्यांद्वारे संबंध टिकविला जाई. मुलांना आईचा आवाज ओळखीचा असे. चेहरा मात्र केवळ छायाचित्रातला.

१९७२ पासून गरीब शेतकरी व मजूर लहान होड्यांतून फ्लॉरिडाच्या किनाऱ्याकडे येऊ लागले. सप्टेंबर १९८१ मध्ये अमेरिका व हैती ह्यांच्यात झालेल्या कराराने ह्या होड्या भर समुद्रात अडवून परत पाठविण्यास सुरुवात झाली. पुढील दहा वर्षांत वीस हजारांहून अधिक हैतीयन अशा रीतीने अडविले गेले; आश्रयाचा अर्ज करण्यासाठी अमेरिकेच्या भूमीवर आणलेल्यांची संख्या मात्र अत्यल्प होती. क्यूबातून येणाऱ्यांना निर्वासित आणि हैतीतून येणाऱ्यांना केवळ पोटासाठी आलेले लोक समजण्याचे हे धोरण पक्षपाती असल्याची टीका सतत होत राहिली. १९८३ मध्ये अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेने एड्सचा धोका असलेल्या गटांत हैतीयनांचा समावेश केला. १९८५ मध्ये तो उल्लेख वगळण्यात आला. परंतु त्याचा कलंक शाळांतील मुलांपर्यंत पोहोचला होता. हैतीयनांच्या रक्तदानावर घातलेल्या निर्बंधांविरुद्ध एप्रिल १९९० मध्ये न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर प्रचंड मोर्चा निघाला.

डिसेंबर १९९० मध्ये निवडून आलेले अध्यक्ष झां-बर्ट्रां आरिस्तीद ह्यांना ३० सप्टेंबर १९९१ रोजी लष्कराने पदच्युत केले. हजारो लोक पुन्हा होड्यांत बसले व त्यांपैकी अनेकांना ग्वांतानामो येथील अमेरिकन तळावर ठेवण्यात आले. समुद्रात अडविलेल्या हैतीयनांना चौकशीविना परत पाठविणे वैध असल्याचा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये दिला. ह्या लष्करी राजवटीत (१९९१–९४) विरोधकांच्या कुटुंबांतील स्त्रियांवरील बलात्कार हे दहशतीचे हत्यार म्हणून वापरले गेल्याचे मानवी हक्क संघटनांनी त्याच सुमारास उघडकीस आणले. दाँतिकाची कादंबरी प्रसिद्ध झाली, ती नेमकी ह्या वेळी.

लेखिका : दाँतिकाचा जन्म पोर्तोप्रँस येथे झाला. ती दोन वर्षांची असताना वडील व चार वर्षांची असताना आई न्यूयॉर्कला गेली. बेलएर ह्या गरीब वस्तीत धर्मोपदेशक काका जोसेफ व काकू ह्यांनी तिचा सांभाळ केला. १९८१ मध्ये, वयाच्या बाराव्या वर्षी, ती ब्रुकलिन येथे आईवडिलांकडे आली. घरी क्रेओल, हैतीतील शाळेत फ्रेंच आणि न्यूयॉर्कमध्ये इंग्रजी असा तिचा भाषाप्रवास झाला. शाळकरी वयात एका किशोर नियतकालिकासाठी तिने आपल्या आगमनाविषयी एक लेख लिहिला होता. कादंबरीचे बीज त्यात आहे. बार्नर्ड महाविद्यालयातून फ्रेंच साहित्याची पदवी घेतल्यावर (१९९०) ब्राउन विद्यापीठात लेखनाच्या उच्च पदवीसाठी (१९९३) तिने केलेल्या लेखनातून ही कादंबरी आकारास आली. लेखिका व नायिका ह्यांच्या जीवनक्रमात काही साम्य असले, तरी कादंबरीतील आईची कथा काल्पनिक आहे.

हैतीयन साहित्याची परंपरा तिच्यापूर्वी प्रामुख्याने फ्रेंच भाषेत होती. झाक रूमँसारख्या लेखकांनी शेतकऱ्यांचे जीवन रंगविले. मारी व्ह्यो-शोव्हे हिच्या १९६८ मध्ये पॅरिसला प्रसिद्ध झालेल्या तीन लघुकादंबऱ्यांच्या ग्रंथात हुकूमशाहीच्या छायेतील स्त्रियांचे चित्रण आहे. ह्या ग्रंथामुळे कुटुंबीयांच्या जिवाला धोका निर्माण झाला व लेखिकेला न्यूयॉर्कला निघून जावे लागले. तेथेच १९७३ मध्ये तिचे निधन झाले. दुसरीकडे बार्बेडोसमधून आलेल्या कुटुंबात जन्मलेल्या पॉल मार्शल ह्या लेखिकेने ब्रुकलिनमधील मायलेकींवर इंग्रजीत कादंबरी लिहिली होती (१९५९). दाँतिकाच्या लेखनात ह्या दोन्ही धारा एकत्र आल्या.

कथानक : कादंबरीचे चार भाग आहेत. सोफी काको ही मुलगी क्रवा-दे-रोझे ह्या गावी आती मावशीजवळ वाढते. मावशीलाच ती आई मानते. बाराव्या वर्षी न्यूयॉर्कहून आईचे बोलावणे येते. विमानतळाच्या वाटेवर विद्यार्थी व सैनिक ह्यांच्यातील चकमक तिच्या दृष्टीस पडते. न्यूयॉर्कला तिची आई मार्तीन वृद्धाश्रमात व रुग्णांच्या घरी रात्रंदिवस शुश्रूषेची कामे करते आणि झोपेत किंचाळून उठते. किशोरवयात उसाच्या शेतात एका अनोळखी पुरुषाने मार्तीनवर बलात्कार केला होता. तो बहुधा माकूत असावा. सोफी ही त्यातून जन्मलेली. मुलीच्या चेहऱ्यात आईला त्या न पाहिलेल्या माणसाचा चेहरा दिसतो. आईला झोपेतून जागे करून सोडविणे हे सोफीचे रात्रीचे काम होऊन बसते.

अठराव्या वर्षी सोफी शेजारच्या जोसेफ ह्या वयाने बऱ्याच मोठ्या संगीतकाराच्या प्रेमात पडते. हे कळताच आई तिच्या कौमार्याची हाताने तपासणी करू लागते. आजीने मार्तीनची व आतीचीही अशीच तपासणी केली होती. ती थांबविण्यासाठी सोफी मुसळाने स्वतःला इजा करून घेते आणि जोसेफबरोबर निघून जाते. लग्नानंतर पतीचा स्पर्शही तिला असह्य होतो. अन्नाशी तिचे नाते विकृत बनते. तान्ह्या मुलीला घेऊन ती हैतीत आजीकडे परतते. मुलीची आजी, मुलगी, नात व पणती अशा चार पिढ्या तेथे काही दिवस एकत्र येतात. आईचा व तिचा समेट होतो. परंतु न्यूयॉर्कला परतल्यावर मार्तीनला पुन्हा दिवस जातात आणि जुने भय उफाळून येते. ती स्वतःवर सुरीचे वार करून आयुष्य संपविते. हैतीतील दफनासाठी सोफी आईला लाल वस्त्रे नेसविते. दफनानंतर ती त्याच उसाच्या शेतात धावत जाते व उसाची धाटे झोडपून काढते. मुक्त झालीस का, अशा अर्थाचा आजीचा प्रश्न ऐकू येतो आणि तेथे कादंबरी संपते.

अब्रूची राखण : कादंबरीतील दुःखाचे मूळ राजकीय हिंसाचारात आहे, परंतु ते पुढील पिढीपर्यंत पोहोचते, ते आईच्या काळजीतून. हा ह्या कादंबरीचा गाभा होय. माकूताने मार्तीनवर जे लादले, ते अन्याय म्हणून सहज ओळखता येते. मार्तीनने सोफीवर जे लादले, ते मात्र कर्तव्य म्हणून लादले जाते. मुलीचे शील ही आईची जबाबदारी होय, असे तिला तिच्या आईने शिकविले. तपासणी तिलाही बलात्काराइतकीच असह्य झाली होती, हे ती कबूल करते. तरीही तीच कृती ती मुलीबाबत करते. कायदा अब्रूकडे पाहत होता, आईही अब्रूकडेच पाहत होती. वेदना भोगणारी मुलगी दोघांच्याही दृष्टिआड राहिली. कादंबरीत हा संबंध उपदेशाने सांगितलेला नाही. तो तीन पिढ्यांच्या वागण्यातून उलगडत जातो.

स्थलांतराने ही साखळी तुटत नाही. न्यूयॉर्कला मार्तीनला अन्न, मजुरी व सुरक्षितता लाभते. माकूत मात्र तिच्या स्वप्नांतून नाहीसा होत नाही. उलट, गावात आजूबाजूला नात्यागोत्याच्या स्त्रिया असत, तसा आधार परक्या शहरात नसल्याने आई व मुलगी एकमेकींत बंदिस्त होतात. येथे लेखिकेने हैतीयन लोकधर्माचा आधार घेतला आहे. मारासा हे व्होदू धर्मातील जुळे दैवत. दोन देह असूनही ते एकच मानले जाते. मार्तीन तपासणीच्या वेळी सोफीचे लक्ष वळविण्यासाठी हीच कथा सांगते. परिणामी प्रेमाचे प्रतीक आणि मनाने देहापासून दूर होण्याची सवय ही एकमेकींत मिसळतात. एर्झुली ही प्रेमाची व मातृत्वाची देवता. तिची मूर्ती आजी सोफीला देते व आपल्या कृतीबद्दल खेद व्यक्त करते. मार्तीनची लाल वस्त्रेही ह्याच देवतेची आठवण करून देतात.

वाद व प्रतिसाद : १९९८ मध्ये अमेरिकेतील एका लोकप्रिय दूरचित्रवाणी कार्यक्रमाच्या ग्रंथवाचन उपक्रमात कादंबरीची निवड झाली व तिचा वाचकवर्ग एकाएकी विस्तारला. त्याबरोबरच हैतीयन-अमेरिकनांमध्ये तीव्र वाद उद्‌भवला. कौमार्यतपासणी ही सर्वसाधारण हैतीयन प्रथा असल्याचा समज ह्या कादंबरीमुळे पसरतो, असा आक्षेप घेण्यात आला. रोग, दारिद्र्य व जादूटोणा ह्यांच्याच नावाने ओळखल्या गेलेल्या समाजाला आणखी एक कलंक नको होता, हे त्यामागील कारण समजण्यासारखे आहे. नंतरच्या आवृत्तीत दाँतिकाने सोफीला उद्देशून एक पत्र जोडले. सोफीचा देह साऱ्या हैतीयन स्त्रियांचा प्रतिनिधी मानला जाऊ नये, ती एक विशिष्ट स्त्री आहे, असा त्याचा आशय आहे.

हा वाद इतिहासाच्या अभ्यासकालाही उपयुक्त आहे. कादंबरी हे सामाजिक प्रथांचे सर्वेक्षण नव्हे. तिच्यावरून ती प्रथा किती घरांत होती, हे ठरविता येत नाही. दहशतीखाली वाढलेल्या पिढीने आपले भय मुलांपर्यंत कसे पोहोचविले, ह्याचे आकलन मात्र तिच्यातून होते. हैतीपुरतेच हे मर्यादित नसल्याचे कादंबरीतच सुचविले आहे : सोफी ज्या स्त्रियांबरोबर मानसोपचारासाठी एकत्र येते, त्यांत एक इथिओपियाची व एक मेक्सिकन वंशाची आहे.

पुढील लेखन व काळ : दाँतिकाने नंतरही हैतीच्या इतिहासातील अबोल प्रसंगांकडे लक्ष दिले. ‘क्रिक? क्राक!’ (१९९५) हा कथासंग्रह, १९३७ च्या कत्तलीवरील ‘द फार्मिंग ऑफ बोन्स’ (१९९८) आणि छळ करणाऱ्या माकूताच्या न्यूयॉर्कमधील उत्तरायुष्यावरील ‘द ड्यू ब्रेकर’ (२००४) ही पुस्तके उल्लेखनीय आहेत. ह्यांतील अखेरच्या पुस्तकातही एक मुलगी आहे. आपले वडील बळी नसून छळ करणारे होते, हे तिला उशिरा कळते. २००४ मध्ये बेलएरमधील सशस्त्र संघर्षातून जीव वाचवून मायामीस आलेले तिचे एक्क्याऐंशी वर्षांचे काका जोसेफ ह्यांनी तात्पुरता आश्रय मागितला. त्यांना स्थानबद्ध करण्यात आले व त्या अवस्थेतच काही दिवसांत त्यांचा मृत्यू झाला. ‘ब्रदर, आय अ‍ॅम डाइंग’ (२००७) ह्या आत्मकथनात हा वृत्तांत आला आहे. १९८१ च्या कराराने सुरू झालेला इतिहास लेखिकेच्या स्वतःच्या कुटुंबापर्यंत असा पोहोचला.

१२ जानेवारी २०१० च्या भूकंपानंतर व २०२१ मधील अध्यक्ष झोव्हनेल मोईझ ह्यांच्या हत्येनंतर स्थलांतराच्या नव्या लाटा आल्या. २०२२ मध्ये अमेरिकेत हैतीत जन्मलेल्यांची संख्या सात लाखांहून अधिक होती. मध्यंतरी हैतीच्या सत्य व न्याय आयोगाने आपल्या अहवालात (१९९६) लष्करी राजवटीतील लैंगिक अत्याचारांची दखल घेतली आणि २००५ च्या हुकुमान्वये बलात्काराचे स्थान कायद्यात बदलले. तो नीतिमत्तेविरुद्धचा अपराध न राहता स्त्रीवरील गंभीर गुन्हा ठरला. अब्रूऐवजी व्यक्तीकडे पाहण्याचा हा कायद्यातील बदल होय. कादंबरीतील आजीला हीच गोष्ट आयुष्याच्या अखेरीस उमगते.